दगडी पुलापलीकडे

सामोरा,
पवित्र आठवड्यातला मंगळवार, १६ एप्रिल २०१९

प्रिय सिल्दा,

तुझं कार्ड मिळालं. तब्येत कशी आहे असं विचारत नाही. ते तू स्वतःच लिहिलं आहेस, तेही उघड्या कार्डावर. पुढे बाझलचा पूल आणि मागे ‘डॉक्टर उन्हाळ्यापर्यंत म्हणतात’. निदान पाकिटात घालायचं होतंस. आमचा टपालवाला दोन दिवस माझ्याकडे बघून मान खाली घालतो आहे. नाताळची सोडली तर बावीस वर्षांत आलेली ही तुझी पहिली ओळ, आणि ती माझ्याआधी त्यानं वाचली.

तुझी दुसरी ओळही वाचली. ‘माझं बाळ कुठे पुरलंय ते बघून ये. मला त्याच्या शेजारी ठेवा, बाबांच्या शेजारी नको.’

म्हणून आले. विचार करत बसले असते तर आलेच नसते. काल सकाळी कार्ड फ्रीजवर चुंबकाखाली लावलं, संध्याकाळी बटाट्याचं ऑम्लेट केलं, आज सकाळी मद्रिदच्या दक्षिण बसस्थानकावर उभी. बसमध्ये शेजारी एक पोरगी तीन तास फोनवर कुणाला तरी ‘मला स्पेस हवी’ म्हणून सांगत होती. माझी अर्धी सीटही तिच्या पिशवीखाली होती. मी म्हटलं, “बाई, तुला स्पेस मिळाली आहे, आता माझी परत दे.” तिनं पिशवी मांडीवर घेतली.

पवित्र आठवड्यात, ईस्टरआधीच्या मिरवणुका बघायला सगळा देश इथे लोटतो तेव्हा, सामोरात राहायला जागा शोधणारी बाई मूर्ख असते, हे मला माहीत होतं. सगळी हॉटेलं वर्षभर आधी भरलेली. काकूच्या घरात आता दात पांढरे करायचा दवाखाना आहे. शेवटी मी टेकडीवरच्या धर्मशाळेत गेले, सांतियागोला पायी जाणाऱ्यांसाठी आहे ना, तिथे. दारात हिनेस नावाचा एक दाढीवाला माणूस बसला होता, निवृत्त शाळामास्तर.

“आजी, कुठून चालत आलात?”

“बसस्थानकावरून.”

“ही जागा पदयात्रेकरूंसाठी आहे. शिक्क्यांची वही लागते.”

मी पेन्शनचं कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. “चौतीस वर्षं टेलिफोन केंद्रात काढली त्याचा शिक्का आहे. यापेक्षा मोठी पायपीट सांतियागोची नाही.”

त्यानं माझ्या चाकाच्या बाजारपिशवीकडे पाहिलं. “आणि यात काय आहे? संताची हाडं?”

“ऑम्लेट आणि रात्रीचे कपडे. हाडांपेक्षा उपयोगी.”

तो हसला, पण वही काही विसरेना. “नियम आहे हो आजी. कशासाठी आलात तेवढं तरी सांगा.”

“एका मुलाला शोधायला.”

“किती वर्षांचा?”

“मार्चमध्ये पन्नास झाला असता.”

मग त्यानं वहीबिही काही विचारलं नाही. तळमजल्यावरचा खालचा पलंग दिला. वर एक जर्मन आहे, त्याच्या बुटांना उभ्या देशाचा वास येतो. आत्ता दुपारचे पाच वाजलेत. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून लिहिते आहे आणि तो जर्मन माझ्या ऑम्लेटकडे बघतो आहे. द्यावं लागणार.

गावाचं काय सांगू? जत्रा झाली आहे. दगडी रस्त्यावरून चाकांच्या बॅगा खडखडत जातात, जणू सगळ्या गावाचे दात वाजताहेत. बारमध्ये टीव्हीवर पॅरिसचं ते जळलेलं चर्च पुन्हापुन्हा दाखवत होते आणि लोक डोळे पुसत होते. छपरासाठी रडायला सगळ्यांकडे पाणी आहे.

गच्च्यांमध्ये मिरवणुकीचे झगे वाळत घातलेत. आपल्या बाबांच्या बंधुसंघाचे पांढऱ्या लोकरीचेही होते. ते पाहिले आणि राग आला. तुला मी कधी लिहिलं नसेन. सत्त्याण्णव साली बाबा माझ्याकडे हेताफेला वारले, तेव्हा बंधुसंघाच्या चिटणिसाचा फोन आला होता. झगा घालूनच पुरणार ना, म्हणून. इथला प्रत्येक भाऊबंद आपल्या झग्यात जातो. त्याच्यासाठीच तो आयुष्यभर जपतात. मी घर पालथं घातलं. झगा नव्हता. बाबांनी एकोणसत्तरनंतर मिरवणुकीत चालणंच सोडलं होतं, गुडघ्याचं निमित्त करून. मी चिटणिसाला म्हटलं, विकून टाकला असेल. आणि लग्नातल्या कोटात पुरले त्यांना.

शेवटच्या महिन्यात ते भ्रमिष्टासारखं बोलायचे. ‘मला भिंतीपाशी ठेव’ म्हणायचे. पलंग मी दोनदा भिंतीला लावून दिला.

इथे हिनेसनं विचारलं, शाळेत कुठे होतात? मी नाव सांगितलं तर म्हणाला, “मग नन्सच्या हाताखालच्या तुम्ही! म्हणूनच अक्षर असं आहे.” अक्षर चांगलं आहेच. आणखीही पुष्कळ चांगलं होतं. तुला ती चिनीमातीच्या डोक्याची बाहुली आठवते? मदर साग्रारियो आम्हाला तिच्यावर बाप्तिस्म्याचा सराव द्यायची. पाद्री पोचायच्या आत बाळ दगावत असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, बाई असो, नास्तिक असो. फक्त पाणी, नाव आणि बरोबर शब्द हवेत. वर्गात पाणी न सांडता तो मीच देत असे. बक्षीस म्हणून मला सोनेरी कडेचं संताचं चित्र मिळालं होतं.

उद्या सकाळी पुलापलीकडे जाईन. आपल्या जुन्या दारावरूनच रस्ता आहे. बाबा दारात आडवे उभे होते ते मला अजून दिसतात. मी शाल गुंडाळून पाद्रीला आणायला निघाले होते आणि ते दोन्ही हात चौकटीला लावून उभे. तुला सगळं सांगितलंच आहे. पुन्हा कशाला लिहू?

औषधं वेळेवर घे. तिथल्या नर्सना म्हणावं, बहीण येऊन बघेल.

तुझी,
फेलिसा


सामोरा,
बुधवार, १७ एप्रिल

प्रिय सिल्दा,

पुलाजवळच्या बारमध्ये बसून लिहिते आहे. एक कॉफी घेतली आहे आणि ती चारच्या बसपर्यंत पुरवायची आहे. वेटर तिसऱ्यांदा येऊन कप उचलायला बघतो. मी कपावर हात ठेवला आहे.

जागा सापडली. ते आधी सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला राहणार नाही. जागा आहे, तिच्यावर काही बांधलेलं नाही आणि तुला तिथे ठेवता येईल.

सकाळी आपल्या दारापासून निघाले. दार आता हिरवं आहे. आत कुणीतरी रेडिओ लावला होता. तिथून पूल ओलांडून पलीकडच्या चर्चपर्यंत मी घड्याळ लावून गेले. कशाला ते विचारू नकोस. बाजारपिशवी ओढत, या गुडघ्यांनी, मध्ये दोनदा कठड्याला टेकून, सतरा मिनिटं लागली. नदीला पाणी बरंच आहे. गिरण्यांमध्ये आता संग्रहालय केलंय, पोरं दळणाच्या दगडावर बसून फोटो काढतात.

चर्चच्या मागेच ती जुनी दफनभूमी. कार्यालयात नेरेआ नावाची मुलगी होती, नखं माझ्या पेनाएवढी.

“नाव काय होतं?”

“नाव नव्हतं.”

“नावाशिवाय मी कसं शोधू, आजी? कॉम्प्युटर नाव मागतो.”

“मग कॉम्प्युटर बाजूला ठेव आणि कपाट उघड. मार्च एकोणसत्तर. तेव्हा तुझी आईसुद्धा जन्मली नसेल.”

“आई सत्तर सालची आहे,” ती म्हणाली आणि हसली. बरी निघाली. धुळीनं शिंकत शिंकत तिनं एक दोऱ्यानं बांधलेला गठ्ठा काढला. जन्माच्या नोंदवहीतून नव्हे हं. तेव्हा कायदाच तसा होता. चोवीस तास जगलं नाही ते माणसात धरत नसत. त्याला जन्म नाही, मृत्यू नाही, आडनाव नाही. गर्भपातांच्या गठ्ठ्यात एक कागद. मी तिला म्हटलं, तेवीस तास जगलेल्याला काय म्हणत होते, सामान? ती म्हणाली, “आजी, कायदा मी नाही केला.” खरंच आहे, पण तिथे दुसरं कुणी नव्हतं ओरडायला.

कागदावर चार ओळी आहेत. पुरुष जातीचा जीव, सात महिन्यांचा. आईचं नाव कासिल्दा माचो एरेरो, वय अठरा, अविवाहित. बाप्तिस्मा न झाल्यामुळे भिंतीपलीकडच्या कोपऱ्यात पुरला.

भिंतीपलीकडे, सिल्दा. बाप्तिस्मा न झालेली, गळफास घेतलेले आणि देव न मानणारे असे सगळे पवित्र जमिनीबाहेर, मध्ये भिंत. ‘मला भिंतीपाशी ठेव.’ मी तो कागद हातात धरून उभी राहिले. नेरेआनं खुर्ची दिली.

मग तिनं खिडकीतून हाक मारली. “फिदेल! जुना कोपरा दाखव जरा बाईंना.”

फिदेल म्हणजे त्या वेळच्या कबर खणणाऱ्याचा मुलगा. स्वतः साठीचा, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. फावडं खांद्यावर टाकून पुढे चालू लागला. अर्ध्या वाटेत म्हणाला, “कुणाच्या तुम्ही?”

“सातुर्निनो माचोची मुलगी.”

“गिरणीतल्या सातुर्निनोची?” तो थांबला. “कुठली? स्वित्झर्लंडची?”

“मोठी.”

त्यानं फावडं खाली टेकवलं. मग म्हणाला, “आमचा बाप ती गोष्ट मरेपर्यंत सांगायचा.”

ती गोष्ट मी तुला त्याच्याच शब्दांत लिहिते. मी एकही शब्द घातलेला नाही.

“पहाटे तुमचे वडील आले. बाप म्हणाला, आण पोतं, मी ठेवतो खाली. कारण गरीब लोक पोत्यातच आणायचे. तर पोतं नव्हतं. अंगरख्याच्या आत छातीशी धरलं होतं आणि पांढऱ्या झग्यात गुंडाळलेलं. बंधुसंघाचा झगा! त्याच्या बाह्या लोंबत होत्या. बाप म्हणाला, सातुर्निनो, डोकं फिरलं का? हा मातीत घातलास तर मेल्यावर तू काय घालशील? तर म्हणाले, कोट आहे मला. बाप म्हणाला, अरे, हा आशीर्वाद दिलेला झगा आहे, भिंतीपलीकडे जमणार नाही, पाद्री मला काढून टाकेल. तर म्हणाले, पोरावर पाणी पडलं नाही, काहीतरी पवित्र अंगावर असू दे. पाद्रीला मी बघतो. आणि स्वतः खड्ड्यात उतरून ठेवलं.”

मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा असेल. सामोरात झगे काय कमी आहेत?

“उजव्या कोपराला निळ्या धाग्याची रफू होती म्हणे. पांढऱ्यावर निळी. बाप हसायचा त्याला.”

आई हयात होती तेव्हा तिनं केली होती ती. पांढरा धागा संपला म्हणून. तू तेव्हा सात-आठ वर्षांची असशील. आठवते?

“दर मार्चमध्ये यायचे,” फिदेल म्हणाला. “मी स्वतः पाहिलंय. टोपी हातात घेऊन उभे राहायचे तासभर. आमच्या आईनं एकदा विचारलं, कुणाचं हो? म्हणाले, माझं. मग अठ्ठ्याऐंशीपासून यायचे बंद झाले. आम्हाला वाटलं, गेले.”

गेले नव्हते. अठ्ठ्याऐंशीत मी त्यांना हेताफेला नेलं. एकटे राहू नका, म्हणून. त्यानंतर दर मार्चमध्ये ते सामोराच्या बसचं वेळापत्रक मागायचे आणि मी म्हणायचे, त्या गुडघ्यांनी कुठे निघालात?

भिंत ऐंशीच्या सुमारास पाडली. आता तिथे नुसती गुडघ्याएवढ्या दगडांची रांग आहे आणि गवत. दगडांच्या कडेनं तिसरं सुरूचं झाड, त्याच्या नदीकडच्या बाजूला. फिदेलनं फावड्याच्या दांड्यानं जागा दाखवली. आता सगळी जमीन एकच धरतात, तुला परवानगी मिळेल. नेरेआनं अर्जाचा कागद दिला आहे, तो सोबत ठेवते. सही तुझी लागेल.

तर मी तुला जे सांगितलं होतं, पिठाच्या पोत्यात घालून नेलं म्हणून, ते चुकलं. पहाटेच्या अंधारात मला पोत्यासारखं दिसलं असेल.

वेटर पुन्हा आला. इथल्या टेबलावर सणाची तेलातली बिस्किटं ठेवलीत, त्यातली दोन मी रुमालात बांधून घेतली आहेत. तुला पाठवता येणार नाहीत, चुरा होतील. पण घेतली.

फेलिसा


हेताफे,
मंगळवार, २३ एप्रिल

सिल्दा,

आधीची दोन पत्रं टाकली नाहीत. पिशवीतच राहिली. या पत्राबरोबर तीही पाठवते आहे, फाडली नाहीत. मी किती सरळ अक्षरात खोटं लिहू शकते ते तुला दिसू दे. बसमध्ये ती पुन्हा वाचली आणि स्वतःची किळस आली. ‘अंधारात पोत्यासारखं दिसलं असेल’ म्हणे!

कागदावर चार ओळी आहेत असं लिहिलं आणि तीन सांगितल्या. चौथी अशी: ‘जगण्याचा काळ, पाऊण तास.’

मी तुला दोन श्वास सांगितले होते.

बाबा दारात नव्हते. ते गिरणीत होते, दुपारपाळीला. दारात कुणीच नव्हतं, सिल्दा. दार सताड उघडं होतं.

तुला तापात काहीच आठवत नाही, म्हणून मी जे सांगितलं तेच तुझ्याजवळ राहिलं. आता हे ठेव. तू बेशुद्ध होतीस आणि रक्त थांबत नव्हतं. तोमासा सुईणीचे दोन्ही हात तुझ्यात गुंतलेले. तिनं बाळ चादरीच्या तुकड्यात माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, “हे राहणार नाही. पाणी घाल पोरी, तुला शब्द येतात.” माझ्यामागेच स्वयंपाकघरात माठ होता, त्यावर पेला पालथा. बाहुलीवर मी शंभर वेळा केलं होतं.

मी ते टेबलावर ठेवलं. टोपलीत घालून, नीट. आणि म्हणाले, “मी पाद्रीला आणते.”

तोमासा ओरडली, “अगं, पाद्री कशाला? तूच घाल!” मी शाल घेतली.

का, ते पन्नास वर्षं स्वतःला वेगवेगळं सांगत आले. मी घाबरले होते. माझं पाणी चालेल की नाही अशी शंका आली. रीतसर व्हावं असं वाटलं. हे सगळं मी पाद्रींना कबुलीजबाबातही सांगितलं आहे, तीन वेगवेगळ्या पाद्रींना, आणि तिघांनी मला माफ केलं. माफ करतील नाही तर काय! खरं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

खरं असं आहे. पाणी घालायचं तर नाव द्यावं लागतं. नाव दिलं की ते आपलं झालं, घरातलं, आपल्या आडनावाचं. जूनमध्ये माझं इलारिओशी लग्न ठरलं होतं आणि त्याची आई पुलापलीकडे राहत होती. मला तुझा इतका राग होता की त्या पोराकडे बघवत नव्हतं. तू अठराची, माझ्या वाट्याला येण्याआधीच सगळं करून बसलेली, आणि आता माझ्या हातात आणून दिलेलं. मी विचार केला असंही नाही. पण माझ्या पायांना माहीत होतं.

मी धावले नाही, सिल्दा. चालत गेले.

सत्तर वर्षांची मी परवा बाजारपिशवी ओढत सतरा मिनिटांत गेले. विसाव्या वर्षी मला त्याहून जास्त लागली. पुलाच्या मध्यावर मी थांबले होते. खाली बायका कपडे धूत होत्या, मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. शालीची गाठ सोडून पुन्हा बांधली. चर्चमध्ये पाद्री जपमाळेची प्रार्थना म्हणत होता, मी त्याला हाक मारली नाही, मागच्या बाकावर बसून राहिले. संपल्यावर सांगितलं. तो बिचारा म्हातारा माझ्यापेक्षा भरभर चालत आला.

टोपली तशीच होती. पाद्रीनं गालाला हात लावून पाहिलं आणि पिशवी उघडलीच नाही. म्हणाला, “मेलेल्याला देता येत नाही, पोरी. तू का नाही दिलास? मदरनी शिकवलं नाही का?”

मी म्हटलं, शिकवलं नाही.

संध्याकाळी बाबा आले. तोमासानं त्यांना अंगणात नेऊन सगळं सांगितलं, मी खिडकीतून पाहत होते. मला वाटलं, मारतील. ते आत आले, हात धुतले, तुझ्याजवळ जाऊन बसले. आणि आठवड्यानं तू उठून बसलीस आणि विचारलंस, पाणी घातलं का त्याला? तर माझ्या तोंडून ते आलं. बाबांनी पाद्रीला आणू दिलं नाही, दारात आडवे उभे राहिले, पोत्यात घालून घेऊन गेले. एका दमात. तेव्हाही मला वाटलं होतं की हे दोन दिवस चालेल, तू बरी झालीस की सांगता येईल.

तू बाबांना विचारलंस. तुला आठवत असेल, ते चुलीपाशी होते. “तुम्ही दार अडवलंत?” त्यांनी तुझ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग तुला म्हणाले, “हो.”

सप्टेंबरात तू कामगारांच्या गाडीनं बाझलला गेलीस. ते स्टेशनवर आले होते, खांबामागे उभे होते. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलं. असल्या बाबतीत मी आज्ञाधारक होते.

त्यांनी का सांगितलं नाही, ते मला आता कळतं असं लिहिणार होते. नाही कळत. तुला बाप नसला तरी चालेल पण बहीण असावी असं वाटलं असेल. किंवा माझ्यावर सोडलं असेल आणि अठ्ठावीस वर्षं वाट पाहिली असेल. नऊ वर्षं माझ्या घरात राहिले, माझ्या हातचं सूप प्यायले, मी खेकसले की गप्प बसायचे. आणि मी त्यांना कोटात पुरलं, हेताफेला, रस्त्याच्या आवाजात, सोयीचं म्हणून. बंधुसंघाला सांगितलं, विकला असेल. इलारिओनं तसंही लग्न मोडलं, ऑगस्टमध्ये, दुसऱ्याच कारणानं.

त्यांना तिथे हलवता येतं का, ते मी नेरेआला फोन करून विचारलं. म्हणाली, आजी, हाडं हलवायचे कागद कॉम्प्युटरपेक्षा हट्टी असतात, पण होतं. तू नको म्हणालीस तर हलवणार नाही. तुझ्या कार्डावर ‘बाबांच्या शेजारी नको’ असं आहे. तो राग माझ्या वाट्याचा होता, तू त्यांच्यावर काढलास. आता कुणावर काढायचा ते तू ठरव. मला ठेवू नका त्या कोपऱ्यात, हे मात्र मीच आधी सांगून ठेवते.

आणखी एक. तेही दुसऱ्या पत्रात लिहिलं नव्हतं.

फिदेल गेल्यावर मी तिथे एकटी होते. फुलदाण्या भरायला नळ असतो ना, तिथून पाण्याची बाटली भरून घेतली. मेलेल्याला देता येत नाही हे मला कुणी शिकवायला नको, त्यात मला बक्षीस आहे. तरी गवतावर वाकले. बाटलीचं झाकण काढलं. शब्द सगळे आठवत होते, पण सुरुवातच नावानं होते. आणि मला नाव माहीत नव्हतं. तू सात महिने त्याला पोटात वागवलंस, एकाच खोलीत माझ्या शेजारी झोपत होतीस, काहीतरी नाव तुझ्या मनात असेलच. मी कधी विचारलं नाही. पन्नास वर्षांत एकदाही नाही.

फिदेल लांबून ओरडला, “बाई, झाडाला पाणी घालताय का? त्याला नको, सुरूचं आहे ते!”

मी झाकण लावलं. बाटली घरी आणली आहे. इथे टेबलावर, तुझ्या कार्डाशेजारी आहे. त्या दोन बिस्किटांचा चुरा झाला.

मला माफ कर असं लिहीत नाही. तीनदा फुकट मिळवलंय ते. तू शिव्या लिहिल्यास तरी चालेल, उघड्या कार्डावर लिही, टपालवाल्याला वाचू दे. काही लिहू नकोस वाटलं तर लिहू नकोस. पण त्याचं नाव लिही. फक्त नाव, एका ओळीत. हात चालत नसेल तर नर्सला सांग, फोन करायला सांग, कुठल्याही वेळी.

बसचं वेळापत्रक फ्रीजवर लावून ठेवलं आहे. या वेळी मी धावत जाईन.

दार उघडंच होतं, हे जिला माहीत होतं ती,
फेलिसा